दहा पुंगळ्या

बाबांची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला मीच गेले. भाऊ म्हणाला, तू जा, तुला कागदांची सवय आहे. खरं आहे. गडचिरोलीच्या एका कचेरीत तेवीस वर्षं मी कागदच इकडचे तिकडे करते आहे. परवाना पीक संरक्षणाचा होता, बाबांच्या नावचा. बाबा गेले तसा तोही संपला, आणि परवाना नसलेली बंदूक घरात ठेवायची नसते. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. पोलीस पाटलाच्या मोटरसायकलवर मागे बसून, खोळीतली बंदूक मांडीवर आडवी धरून मी पोंभुर्ण्याला पोचले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

हवालदार तरुण होता. त्यानं नंबर तपासला, वहीत लिहिला आणि विचारलं, "जिवंत किती?"

"एक."

मी काडतूस टेबलावर ठेवलं. तांबडी कागदी नळी, खाली पितळी बूड. त्यानं ते उजेडात धरलं. "हे तं माझ्या जन्माच्या आधीचं दिसते, बाई. अन् रिकाम्या पुंगळ्या?"

"एक आहे. पण ती काठीला ठोकलेली आहे."

तो हसला. "मंग ठेवा तुम्ही. काठीले परवाना लागत नाई."

मग त्यानं बंदूक मधोमध मोडून नळीत डोकावून पाहिलं, आणि तेवढ्यात तो वास आला. तेल, गंज आणि फार जुनी जळकी दारू. मी खिडकीकडे सरकले. सही कुठे करायची ते त्याला मला दोनदा सांगावं लागलं.

आमच्या लहानपणी गावाला हा वास आश्विनात यायचा. धान निसवून दुधावर आलं की सगळ्या बांध्यांवर, म्हणजे धानाच्या खाचरांवर, एक कच्चट गोड वास धरायचा, दूध उतू जाण्याच्या जरा आधी येतो तसा. तो आम्हाला जसा कळायचा तसाच नाल्यापलीकडच्या जंगलातल्या डुकरांनाही कळायचा. मग बाबा दिवस मावळताना धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहून आभाळात एक बार काढायचे. डुकरावर नेम धरलेला मी त्यांना कधी पाहिला नाही. बार सुटला की आवाज टेकडीवर जाऊन आपटायचा, परत यायचा, आणि मग क्षणभर सगळं गप्प. बेडूकसुद्धा. त्या गप्पपणात आम्ही पोरं पुंगळीसाठी धावायचो.

फुटलेल्या काडतुसाला आम्ही पुंगळी म्हणायचो. हातात घेतली की ती कोमट असायची, अंड्यासारखी. ज्याच्या हाताला आधी लागेल त्यानं आधी हुंगायची, असा नियम होता. दिवाळी, गंजलेला खिळा आणि भाजलेला कांदा, तिन्ही एकदम नाकात जायचे. त्या तांबड्या कागदाला थुंकी लावून ओठांवर घासलं की ओठ लाल व्हायचे. आईनं त्यासाठी मला दोनदा मारलं होतं.

पुंगळ्या बाबा वाटून टाकायचे. कोणी मागितली की द्यायचे. गावात ती एकच बंदूक होती आणि तिच्या आवाजावर पाच घरांच्या बांध्या राखल्या जायच्या. तेव्हा पुंगळीवर आपला एकट्याचा हक्क आहे असं त्यांना कधी वाटलं नसावं.

मी पाचवीत होते त्या वर्षी काडतुसं मिळेनाशी झाली. का, ते मला कोणी सांगितलं नाही आणि पुढे मी विचारलं नाही. बाबा सोमवारी चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, दुकानात जाऊन आले ते रिकाम्या हातानं. पाय न धुता ओट्यावर बसले आणि आईला म्हणाले, "गुरुवारी माल येणार हाय म्हंते. पण पयले रिकाम्या पुंगळ्या दाखवा म्हंते. मागच्या साली दहा नेल्या, तं दहा आणा."

"अन् दहा कुठी हाय?" आई म्हणाली. "अर्ध्या गावाले तुम्ही वाटल्या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुले ठावं असन ना, कोणाकडे कोणती हाय ते?"

मला ठाऊक होतं. पोरांना असल्याच गोष्टी ठाऊक असतात.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी पिशवी घेऊन निघाले. एक आमच्याच घरात होती, आईच्या सुयांची. सुया उशीला टोचून तिनं ती दिली. दोन माझ्या वर्गातल्या पोरांकडे होत्या. तोंडाशी धरून फुंकलं की त्यांची जाड शिट्टी वाजायची. एकानं लगेच दिली, दुसऱ्यानं चार बोरकूट गोळ्या घेतल्या. किराणा दुकानदाराच्या बायकोनं एकीत कुंकू भरून ठेवलं होतं. ते तिनं कागदावर ओतलं, पुंगळी पदरानं पुसली आणि म्हणाली, "डुकरानं माह्यं कुंकू पण खाल्लं म्हणायचं." दोन मिळाल्या पाटलाच्या बैलजोडीतल्या डाव्या बैलाच्या शिंगांवर. पोळ्याला कागद काढून शेंब्या म्हणून बसवल्या होत्या त्या तशाच राहिल्या होत्या. गड्यानं बैलाला भुलवत त्या उपटल्या. शेंब्यांविना ती शिंगं केस कापलेल्या पोरासारखी दिसायला लागली. देवळात दिव्याच्या वाती ठेवायला एक होती. दोन सुताराच्या पेटीत. मी प्रत्येक पुंगळी हुंगत गेले. कुंकवाचा, वातीच्या तेलाचा, लाकडाच्या भुशाचा वास येत होता. दारूचा एकीलाही येत नव्हता.

नऊ झाल्या. दहावी मानकूआजाच्या काठीला होती.

मानकूआजा गावाच्या टोकाला, चिंचेच्या वळणापलीकडे राहायचा. गोंडांची चार घरं तिथे होती. त्याची बांधी आमच्या बांधीला लागून, पण नाल्याच्या बाजूला, म्हणजे जंगलातून येणाऱ्याला आधी त्याचं शेत लागायचं आणि मग आमचं. डोळे जाऊन त्याला बरीच वर्षं झाली होती. बांबूच्या काठीच्या टोकाला बाबांनीच कधीतरी पुंगळी ठोकून दिली होती. कागद केव्हाच कुजून गेला होता, पितळी बूड तेवढं उरलं होतं, झिजून गुळगुळीत. त्या बुडाच्या आवाजावर तो चालायचा. दगडावर ठण्, मुळावर टक्, चिखलात धप्प. सकाळी उजाडताना एकदा आणि सांजेला एकदा तो आपल्या बांधीला पूर्ण फेरी मारायचा, धुऱ्यावरच्या प्रत्येक दगडाला काठी लावत. परतताना चिंचेच्या वळणावर ठण् झालं की त्याची सून, जनाकाकी, हातातलं काम टाकून पाय धुवायला पाण्याचा गडवा उंबऱ्यावर ठेवायची. तो पोचेपर्यंत पाणी तयार असायचं. मी त्यांच्या अंगणात खेळत असताना हे कितीदा तरी पाहिलं आहे. ती वर बघायचीसुद्धा नाही.

मी मागितली तेव्हा तो खाटेवर बसून दोरी वळत होता.

"काडतुसासाठी पायजे का?" त्यानं विचारलं.

"हो, आजा. दहा लागते. नऊ झाल्या."

"जने, विळा आन."

जनाकाकी विळा घेऊन आली पण दिला नाही. "मामा, तुमी चालान कसे? अंधारात पडसान."

"मले काय अंधार अन् काय उजेड!" तो खो खो हसला. मग विळा घेऊन, बूड चाचपत, त्यानं ते हळूच सैल केलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "ने. बाबाले सांग, माहं धान अन् तुमचं धान डुकराले एकच लागते."

त्या पितळाला वास नव्हता. बर्फासारखं गार होतं. मला दहा पूर्ण झाल्याचा इतका आनंद झाला होता की मी घरापर्यंत धावत गेले.

बाबांनी ओट्यावर पुंगळ्या मांडल्या. झिजलेल्या बुडाशी त्यांचं बोट थांबलं. "ही कोणाची?"

"मानकूआजाची."

दहाही पुंगळ्या एका फडक्यात बांधून त्यांनी गाठ मारली.

गुरुवारी पहिल्या एसटीनं आम्ही चांद्याला गेलो. मला का नेलं, ते सांगता येणार नाही. बहुतेक मी गोळा केल्या होत्या म्हणून. दुकानासमोर आधीच वीसेक माणसं होती, सगळी आमच्यासारखीच, धोतर-पायजम्यातली, काखेत परवान्याची पिशवी. सगळ्यांकडे फडकी होती. ती सोडल्यावर पुंगळ्यांसोबत काय काय निघत होतं! कोणाच्या पुंगळीत तंबाखू राहिली होती, कोणाच्यात मिरचीचं बी. एका म्हाताऱ्यानं पुंगळी उलटी केली तर मुंग्यांची अंडी पडली. रांगेतला एकजण म्हणाला, "बुढ्या, तुले काडतूस नाई, अंडी भेटन," आणि सगळी रांग हसली. सगळ्या रांगेला भिजल्या धोतरांचा, घामाचा आणि रॉकेलचा वास येत होता. आत, काचेच्या कपाटामागे, दुकानाला स्वतःचा वेगळा वास होता. तेल आणि नवा कागद. मी तो खोल ओढून घेतला.

दुकानदार चष्म्याचा, मऊ बोलणारा होता. त्यानं आमचं फडकं उघडलं, सात पुंगळ्या एकीकडे केल्या आणि तीन बोटानं बाजूला सारल्या. बैलाच्या दोन आणि मानकूआजाची एक.

"भाऊ, ह्या पुंगळ्या नाई. हे नुसतं बूड हाय. ह्याच्यावर मी काय लिहू?"

"मंग सातच द्या."

"सात कुठून देऊ? माल तुमच्या समोरच्या माणसापाशी सरला." त्यानं रिकामं खोकं उलटं करून दाखवलं. "पुढच्या हप्त्यात या."

पुढच्या हप्त्यापर्यंत धान थांबलं असतं, डुकरं थांबली नसती.

बाबा रस्त्यावर आले आणि म्हणाले, "चाल. भद्रावतीले जाऊ."

"तिथी काय हाय?"

"तिथी दारूगोळ्याचा कारखाना हाय. जिथी बनते तिथी एखांदं भेटनच ना."

आज मला यावर हसू येतं. त्या वेळी मला ते अगदी बरोबर वाटलं. तांदूळ गिरणीवर स्वस्त मिळतो, वीट भट्टीवर मिळते, मग काडतूस कारखान्यावर का नाही? आमच्या गावात कुणालाही ते बरोबरच वाटलं असतं. आम्ही परत एसटीत बसलो. खिडकीतून कोळशाची धूळ येत होती. मांडीवरच्या फडक्यात पुंगळ्या एकमेकींवर वाजत होत्या.

कारखान्याच्या फाटकावरचा शिपाई उंच, पिळदार मिशांचा, परप्रांतीय होता. बाबांनी नमस्कार केला, परवाना उघडून दाखवला, फडकं सोडलं आणि रानडुकरांची सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, यहाँ तोप का माल बनता है. सूअर का नहीं."

बाबा हसले. तोही हसला. मग त्यानं मला त्याच्या स्टुलावर बसवलं, आपल्या सुरईतलं पाणी दिलं आणि आमच्या एसटीला स्वतः हात केला. त्या पाण्याला मातीचा आणि थोडा कोळशाचा वास होता.

चांद्याला परत आलो तेव्हा दुकानदार शटर ओढत होता. बाबांनी त्याला भद्रावतीची गोष्ट सांगितली. का सांगितली कोण जाणे, पराभव झाल्यावर माणसं उगाच बोलतात. दुकानदार इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यानं शटर पुन्हा वर केलं. "एकासाठी दोन ठेवले होते बाजूला. तो आला नाई. पण दोनच हं." त्यानं परवान्यावर नोंद केली, दोन पुंगळ्या ठेवून घेतल्या आणि आठ परत दिल्या. नवी काडतुसं बाबांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. गावापर्यंत त्यांचा हात तिथेच होता.

शुक्रवारी सकाळी जनाकाकी आमच्या अंगणात उभी होती. तिच्या हातात धानाचा एक गुच्छ होता, चिखलानं माखलेला, लोंब्या चघळून थुंकलेल्या.

"पाहा," ती म्हणाली. "काल अन् परवा, दोन्ही सांजेले आले. नाल्याकडची सारी बांधी लोळवली."

आई म्हणाली, "बाई गं! इतके दिवस तं तुमच्यात शिरले नव्हते."

"इतके दिवस मामाची काठी वाजत होती ना. आता मुकी झाली. मामा धुऱ्यावर गेले तरी डुकराले कसं समजन, कोणी आलं म्हणून?" ती रागावलेली नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. "काऊन नेली तुमी? दुकानात घेतली तरी का?"

बाबा उठून उभे राहिले. "नाई घेतली," ते म्हणाले.

तोवर कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. पाच घरं बाबांच्या बंदुकीला राखण समजत होती. आठवड्यातून एखादा बार. एक आंधळा म्हातारा मात्र रोज दोनदा धुऱ्यावरच्या दगडांवर पितळ वाजवत फिरत होता, आणि त्याला आम्ही फिरणं समजत होतो. मानकूआजाला स्वतःला माहीत होतं की नाही, ते मी आजवर ठरवू शकलेले नाही. मला वाटतं, त्यालाही नव्हतं.

मी फडकं घेऊन बाबांच्या मागे मानकूआजाकडे धावले. बाबांनी खाटेशी बसून दगडानं ठोकून बूड काठीला पुन्हा बसवलं. त्यांच्या अंगठ्याला लागलं, रक्त आलं, तिकडे त्यांनी पाहिलं नाही. मानकूआजानं काठी अंगणातल्या जात्यावर आपटून पाहिली. ठण्. "हां," तो म्हणाला. "आता सूर लागला."

त्या सांजेला बाबांनी त्याच्याच धुऱ्यावरून बार काढला. मी आणि मानकूआजा शेजारी उभे होतो. त्यानं कानावर हात ठेवले नाहीत. आवाज टेकडीला जाऊन परत आला, मग बेडूक गप्प झाले, आणि त्या गप्पपणात तो म्हणाला, "भाऊ, तुमचा आवाज मोठा हाय. पण तो सरते."

बाबांनी दुसरं काडतूस बंदुकीत घातलं नाही. त्या वर्षी नाही आणि नंतरही नाही. पुढच्या वर्षी दुकानात माल आला असेल. बाबा गेले नाहीत.

खळ्यावर धान झोडपताना आमच्या लुचईचे, त्या बारीक गोड धानाचे, दोन भारे बाबांनी गुपचूप मानकूआजाच्या ढिगात टाकले. म्हाताऱ्यानं मूठभर दाणे उचलले, एक दाताखाली फोडला, हुंगला. "हे लुचई हाय," तो म्हणाला. "माह्या घरी लुचई कधी नव्हती." बाबा खाली मान घालून झोडपत राहिले. मग म्हातारा म्हणाला, "असू दे. पोरायले यंदा भात गोड लागन." त्यानं मूठ परत ढिगावर सोडली. दाणे पडल्याचा तो आवाज बारीक पावसासारखा होता.

बाकीच्या सात पुंगळ्या मी ज्याच्या त्याला परत केल्या. दुकानात राहिलेल्या दोन शिट्ट्यांबद्दल मला शाळेत दोन महिने ऐकावं लागलं.

मानकूआजा कधी गेला ते मला नीट आठवत नाही. मी तेव्हा शिकायला बाहेर होते. त्याच्या मुलानं काठी आणून बाबांना दिली, पुंगळी तुमची म्हणून. बाबांनी ती बंदुकीच्याच खुंटीला टांगली. तीस-पस्तीस वर्षं दोघी शेजारी होत्या.

ठाण्यातून परतले तेव्हा खुंटीवर काठी एकटीच होती. घर आता बंद करायचं आहे, शेत बटईनं दिलं आहे, भांडी वाटून झाली. काठी कुणाला द्यायची हा प्रश्नच नव्हता. मी ती घेतली आणि चिंचेच्या वळणाकडे निघाले. गावात आता सिमेंटचा रस्ता आहे. पितळ दगडापेक्षा सिमेंटवर जास्त खणखणीत वाजतं, हे मला माहीत नव्हतं. मी काठी टेकत होते ती केवळ गुडघ्यासाठी. चैताचं ऊन होतं. घराघरांपुढे मोहफुलं वाळत घातली होती आणि सगळ्या गल्लीला त्यांचा आंबूस गोड वास होता.

जनाकाकी अंगणात माझ्याकडे पाठ करून बसली होती. पांढरी झालेली, वाकलेली, दोन्ही हात मोहफुलांत. मी फाटकाशी पोचले.

उंबऱ्यावर पाण्याचा गडवा होता. आतलं पाणी अजून हलत होतं.

"ठेवलं," ती मागे न पाहता म्हणाली.

मी फाटकातून आत आले. मग तिचे हात थांबले. ती वळली. आधी तिनं काठीकडे पाहिलं, मग गडव्याकडे, मग माझ्याकडे.

"तू हाय का," ती म्हणाली. "मंग पाय धू. ठेवलंच हाय तं."

मी काठी भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि पाय धुतले.